एका मापाचे गाव

पुण्या-मुंबईकडे आणि घाटावर मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, वर मातीचा लेप आणि चार दिवसांत उगवून येणारी हळिवाची हिरवळ. गडाच्या माथ्यावर सिंहासन आणि सिंहासनावर शिवाजी महाराज. हे महाराज हमखास बुरुजापेक्षा उंच असतात. पहाऱ्यावरचा मावळा इतका मोठा असतो की गडाच्या दरवाज्यातून त्याला आत जाता येणार नाही. यात मुलांचे काही चुकलेले नसते. त्यांच्या मनात महाराज गडाहून मोठे, म्हणून मातीतही ते गडाहून मोठे. देवळांतल्या शिल्पांतही देव मोठा आणि भक्त लहान कोरलेला असतो. कोणाला किती मोठे दाखवायचे, हे तिथे भावना ठरवते.

घरात छोटी रेल्वे मांडणारा माणूस याच्या नेमके उलट वागतो. तो सुरुवातीलाच एक आकडा पक्का करतो आणि पुढे सगळे त्या आकड्याच्या स्वाधीन करतो. इंजिन, झाड, फलाटावरचा हमाल, स्टेशनमास्तर, दूधवाल्याची सायकल, सगळ्यांना एकच भागाकार. जगभर या छंदात सर्वांत जास्त चालणारे माप म्हणजे ‘एचओ’, एकास सत्त्याऐंशी. या मापात साडेपाच फुटांचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो, मग तो मंत्री असो की ट्रॅकमन. या कलाकृतीचा रस या समान मापात आहे असे मला वाटते आणि ती वाचायची, तर तिथूनच वाचायला लागावे.

कलाकृती हा शब्द मी विचार करून वापरतो. मराठी मुलखात या कलेचा सर्वांत मोठा नमुना पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ संगम प्रेसपाशी, जी. ए. कुलकर्णी पथावर आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिलेले ते ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’. 1 एप्रिल 1998 रोजी ते सुरू झाले. एका दालनात पूर्ण शहर मांडलेले आहे. त्यात वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, वेगवान गाडी आहे, अरुंद रुळांची गाडी आहे, डोंगर चढणारी गाडी आहे आणि वरच्या रुळाला लटकून जाणारी टांगती गाडीही आहे. रस्ते, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, कुंपणे आहेत. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून सिनेमा पाहायचे थिएटर आहे. निवेदन सुरू होते, गाड्या एकेक करून आपापल्या मार्गाने निघतात आणि शेवटी दालनातला उजेड मंदावत जाऊन शहरात दिवेलागण होते.

योगायोग असा, की त्याच वर्षाच्या 26 जानेवारीला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला होता. रोह्यापासून ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर. 1998 साली महाराष्ट्राला अशा दोन रेल्वे मिळाल्या, एक डोंगर फोडून केलेली आणि दुसरी एका दालनात मावणारी. पहिलीचे कौतुक भरपूर झाले आणि ते रास्तच होते. दुसरीकडे मात्र मुलांना सुट्टीत दाखवायची गंमत एवढ्याच नजरेने पाहिले गेले. ती नजर अपुरी आहे.

कोथरूडच्या त्या दालनात लहान मूल आणि मोठे माणूस यांच्या पाहण्यात फरक असतो. मूल गाडीच्या मागे धावते. इंजिन बोगद्यात शिरले की ते दुसऱ्या तोंडापाशी जाऊन थांबते. मोठ्या माणसाची नजर थोड्या वेळाने गाडीवरून उतरते आणि गाडी ज्यांच्यासाठी धावते त्यांच्याकडे जाते. फलाटावर उभी माणसे, रस्त्यावर थबकलेल्या मोटारी, तंबूबाहेरची गर्दी. एवढ्या सगळ्यांत कोणीही कोणापेक्षा मोठे नाही. नायक म्हणावा अशी एकही आकृती नाही. आपल्याकडच्या बहुतेक देखाव्यांत मध्यभागी कोणीतरी विराजमान असते आणि बाकी सगळी त्याची आरास असते. गणपतीच्या मखरात हिमालय असला, तरी तो गणपतीच्या मागे असतो. या शहराला मात्र मखर नाही. पाहणाऱ्याने नजर ठेवावी तिथे मध्य. सगळी घरे सारख्या आस्थेने केलेली आहेत, कारण कोणते घर कोण पाहील हे करणाऱ्याला ठाऊक नसते.

मापाची ही शिस्त पाळणे वाटते त्याहून अवघड असते. भारतीय ब्रॉडगेजचे दोन रूळ एकमेकांपासून 1676 मिलिमीटरवर असतात. त्याला 87 ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा एचओचा रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर रुळांवरून काढलेला आहे. आपल्याकडचा डबा अचूक मापाने केला आणि त्या रुळावर ठेवला, की डबा रुंद आणि रूळ अरुंद दिसतो. पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक जाणत्या नजरेला लगेच खुपतो. गंमत म्हणजे इंग्लंडातल्या हौशी मंडळींनाही हीच अडचण आहे. त्यांच्याकडे रूढ झालेल्या ‘ओओ’ मापात गाडी एकास शहात्तर आणि रूळ तोच साडेसोळा मिलिमीटरचा. तिथल्या बहुसंख्यांनी ती उणीव पत्करली. काही निग्रही लोकांनी मात्र एकेक स्लीपर हाताने बसवून योग्य अंतराचा रूळ घडवला. दोघांचीही मी कदर करतो. ज्याला कुठे सोडून द्यायचे आणि कुठे अडून बसायचे हे कळते, तो कारागीर.

पण हा समान न्याय सगळ्याला लावता येत नाही आणि या कलेची खरी परीक्षा तिथे सुरू होते. वस्तू मापात बसतात, अंतरे बसत नाहीत. कोकण रेल्वे 87 ने भागली तरी साडेआठ किलोमीटर उरते. म्हणजे आमच्या हर्णे गावाहून दापोलीकडे निघालो, तर निम्मा रस्ता संपेपर्यंत रूळच रूळ. त्याच मार्गावरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पाऊणशे मीटर भरतो. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे, तो जेवणाच्या टेबलाइतका उंच होतो. ही उंची एक वेळ घरात मावेल, पण वळण मावणार नाही. या मार्गावर वेगवान गाड्या धावाव्यात म्हणून वळणांची त्रिज्या 1250 मीटरपेक्षा कमी ठेवलेली नाही. मापात आणली तरी ती चौदा मीटरच्या वर जाते. एवढे वळण घेऊन गाडी परत फिरवायची, तर जवळपास एकोणतीस मीटर रुंद खोली हवी. घरगुती लेआउटवर, म्हणजे रूळ आणि देखावा यांच्या मांडणीवर, गाडी अर्ध्या मीटरच्या आसपास त्रिज्येत वळवावी लागते. चढाचेही तेच. कोकण रेल्वेवर दीडशे मीटरमागे एक मीटर एवढाच चढ दिलेला आहे. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा, तर मॉडेलमध्ये सातेक सेंटिमीटर उंची गाठावी लागते. दीडशेस एक या चढाने त्यासाठी साडेदहा मीटर लांबी लागेल. हौशी माणूस चाळीसास एक चढ घेतो आणि पावणेतीन मीटरमध्ये ते काम उरकतो.

जी रेल्वे सरळ, सपाट आणि उदार वळणांची, ती घरात मांडायला सर्वांत कठीण. नेरळहून माथेरानला जाणारी 1907 सालची दोन फुटी गाडी मात्र माळ्यावर आनंदाने नांदेल, कारण तिची वळणे मुळातच आखूड आणि वीस मीटरमागे एक मीटर असा तिचा चढ. खऱ्या अभियंत्याला छळणारा डोंगर छोट्या रेल्वेच्या अभियंत्याला सोयीचा पडतो. छोट्या रेल्वेत इतके बोगदे आणि डोंगर का असतात, याचे उत्तरही इथेच आहे. निसर्ग देखणा दिसावा म्हणून ते असतात हे खरे, पण त्यांचे मोठे काम झाकण्याचे असते. नको इतके आखूड वळण डोंगराच्या पोटात घ्यायचे. गाडी बोगद्यात शिरली, आत मागच्या साइडिंगवर जाऊन थांबली आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच रुळावरून दुसरीच गाडी बाहेर आली, की पाहणाऱ्याच्या मनात पहिली कुठेतरी लांब गेलेली आणि ही लांबून आलेली असते. नाटकात विंगेत गेलेले पात्र गावाला गेले असे आपण मानतो, तसेच हे. न दाखवलेले अंतर पाहणारा स्वतः भरून काढतो. लेआउटचा आराखडा वाचताना मी प्रथम हेच पाहतो, की गाडी किती वेळ दिसते आणि किती वेळ दिसत नाही. सतत दिसणारी गाडी फेऱ्या मारते. मधूनमधून नाहीशी होणारी गाडी प्रवास करते.

माप आणि अंतर यांच्यानंतर तिसरी गोष्ट काळाची. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी मापात आणली, तर ती सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर जाते. चार मीटर लांबीचा माळा ओलांडायला तिला वीस-एकवीस सेकंद लागले पाहिजेत. करून पाहिले तर हा वेग फार संथ वाटतो. हात आपोआप नियंत्रकाची मूठ पुढे फिरवतो आणि गाडी सुसाट सुटते. त्या क्षणी तिचे वजन नाहीसे होते आणि ती खेळणे होऊन बसते. खऱ्या गाडीचा भारदस्तपणा तिच्या सुटण्यात आणि थांबण्यात असतो. हलकासा हिसका, मग डब्यामागून डबा ओढला जाणे, फलाट संपेपर्यंत चाल मंद. हे ज्याच्या लेआउटवर दिसते त्याची गाडी चांगल्या इंजिनामुळे तशी चालत असते असे नाही. त्याने खरी गाडी मन लावून पाहिलेली असते.

दिवस आणि रात्र हाही काळाचाच भाग. हॅम्बुर्गमध्ये 2001 साली सुरू झालेले ‘मिनिआटुर वुंडरलांड’ हे एचओ मापातले प्रचंड विश्व आहे आणि तिथे साधारण दर पाव तासाने रात्र होते. कोथरूडलाही रात्र होते आणि मला विचाराल तर त्या प्रयोगाचा कळस तोच. उजेडात आपण करणाऱ्याची करामत पाहत असतो, हे कसे चिकटवले असेल, ते कसे कापले असेल. अंधार पडला की करामत दिसेनाशी होते. खिडक्या उजळतात, गाडीच्या डब्यांतून दिव्यांची माळ सरकू लागते, सिग्नलचा लाल ठिपका हिरवा होतो. दिवा लागलेल्या खिडकीआड कोणीतरी राहते आहे, हे मनाला पटवावे लागत नाही. दोन सेंटिमीटरच्या माणसांना तेव्हा घर मिळते.

एवढे सगळे मनापासून आवडूनही कोथरूडच्या शहराबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथली घरे, गाड्यांचे रंग, एकंदर वळण बरेचसे युरोपीय आहे. त्याला कारण आहे. या छंदाची सामग्री मुख्यतः जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेच्या बाजारात तयार होत आली. 1891 साली मार्कलिन या जर्मन कंपनीने लाइपत्सिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि गाड्या मांडल्या, तेव्हापासून सुटे भाग जोडून रेल्वे वाढवत नेण्याची सोय झाली. पुढे इंग्लंडात हॉर्नबीने ती घराघरात नेली. त्या परंपरेत जे मिळते ते घेऊन पुण्यात एवढे शहर उभे करणे हा मोठा पुरुषार्थ आहे. पण पुढच्या पिढीचे काम उरलेले आहे. मंगलोरी कौलांचे घर, जांभ्याचा गडगा, तीन भाषांतली पिवळी पाटी, फलाटावरचा वडापावचा गाडा, हे त्या मापात अजून यायचे आहे. जोशींनी शाळा सुरू करून दिली, आता आपण आपल्या गावाचा धडा लिहायचा.

तो धडा हर्णेत लिहायचा ठरवला तर?

हर्णेला रेल्वे नाही. इथे आहे तो समुद्र, पाण्यातला सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, कनकदुर्गावरचे दीपगृह आणि बंदरावरचा मासळीचा लिलाव. बोटीच्या काळात मुंबईची आगबोट बाहेर उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. आज मुंबईला जायचे तर दापोली गाठायची, तिथून खेड, आणि खेडला गाडी. म्हणजे हर्णेकराच्या आयुष्यात रेल्वे नेहमी दोन टप्पे पलीकडे असते. अशा गावात माळ्यावर रेल्वे मांडण्याचा विचार मला फार योग्य वाटतो. रूळ दाराशी असलेल्या माणसाला गाडीचे अप्रूप राहत नाही.

कौलारू घराचा माळा या कामाला निसर्गतः जुळतो. आढ्याखाली मधोमध उभे राहता येते आणि दोन्ही बाजूंना छप्पर उतरत जाते. जिथे माणसाला उभे राहता येत नाही, त्या कडेच्या पट्ट्यात लेआउट बसवायचा आणि मधल्या जागेत आपण राहायचे. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची मांडणी आपोआप तयार होते आणि गाडी आपल्याभोवती फिरते. छप्पर ठेंगणे असल्यामुळे स्टुलावर बसूनच पाहावे लागते आणि डोळे फलाटाच्या पातळीला येतात. कोथरूडला आपण शहर वरून, विमानातून पाहावे तसे पाहतो. माळ्यावर आपण त्या गावचे रहिवासी होतो. वरून पाहणाऱ्याला पसारा दिसतो, समोरून पाहणाऱ्याला माणसे दिसतात. घरच्या लेआउटचा संग्रहालयापेक्षा हा एक मोठा फायदा आहे.

अडचणीही माळ्याच्याच. एप्रिल-मे महिन्यांत कौलांखाली भट्टी पेटते. मीटरभर रूळ वीस अंशांनी तापला तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. ऐकायला हे काहीच नाही, पण चार-पाच मीटर सलग रूळ फटी न ठेवता ठोकला, तर तो दुपारी कमान टाकतो आणि संध्याकाळची गाडी घसरते. म्हणून सांध्यागणिक कागदाएवढी फट ठेवायची. पावसाळ्यात लाकूड फुगते. साधे प्लायवुड इथे टिकत नाही. मरीन प्लाय घ्यावे, त्याला दोन्ही बाजूंनी आणि कापलेल्या कडांनाही रंग द्यावा, वाळवी चढू नये म्हणून मांडणीचे पाय थेट जमिनीला टेकवू नयेत. समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळी रूळ लवकर काळवंडतात. वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटरीत जाते, त्यामुळे रुळावर मळाचा पापुद्रा आला की इंजिन अडखळते. जर्मन सिल्व्हरचे रूळ महाग पडतात, पण पुष्कळ बरे वागतात. गाडी चालवण्याआधी रुळांवरून स्पिरिटचा बोळा फिरवायची सवय लावून घ्यावी. ज्या घरात पावसाळ्याआधी कौले परतण्याची शिस्त आहे, त्या घरातच हा छंद नांदेल.

पण हेच गाव हातात असे काही देते, की ते परदेशी दुकानात मिळत नाही. खऱ्या रुळांखालची खडी साधारण 65 मिलिमीटरपर्यंतची असते. 87 ने भागले की पाऊण मिलिमीटर. हा किनाऱ्यावरच्या जाड वाळूचा कण. मूठभर वाळू चाळायची, खार जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुवायची, सुकवायची आणि दोन स्लीपरांमध्ये चमच्याच्या टोकाने भरून पातळ गोंद थेंबाथेंबाने सोडायचा. खडी तयार. एक काळजी मात्र घ्यायची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे आहेत आणि त्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात. इंजिनाच्या मोटरीत चुंबक असते. असा एखादा कण आत ओढला गेला की मोटर घासू लागते. म्हणून सुकलेल्या वाळूवरून आधी चांगले चुंबक फिरवायचे. चुंबकाला काळी लव चिकटून येते. ती झटकायची, पुन्हा फिरवायचे, चुंबक कोरे निघेपर्यंत. डोंगर रंगवायला बाजारचा लाल रंगही नको. जांभ्याचा चिरा घासला की पडणारी भुकटी वस्त्रगाळ करून ओल्या गोंदावर शिंपडायची. कोकण रेल्वेच्या कटिंगची, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेची, भिंत ज्या रंगाची आहे, तोच रंग, कारण ती तीच माती आहे. सुक्या गवताला काथ्या. या मांडणीत मूळ वस्तू आणि तिची प्रतिकृती एकाच द्रव्याची होते. शिल्पकाराला हे भाग्य क्वचित लाभते.

आता मांडायचे काय? पहिला मोह होईल ‘हर्णे’ नावाचे स्टेशन करण्याचा. सुवर्णदुर्गाच्या पार्श्वभूमीवर धावणारी गाडी छान दिसेल यात शंका नाही. पण हा मोह आवरावा. ज्या कलेचा पाया मापाचा प्रामाणिकपणा आहे, तिने नसलेले स्टेशन उभे केले तर तिचे बळ जाते. मांडावे ते खेड. त्यातही संपूर्ण खेड नको, एक क्रॉसिंग पुरे.

कोकण रेल्वेचा खेडजवळचा भाग एकेरी मार्गाचा आहे. एका रुळावरून दोन दिशांच्या गाड्या जायच्या, म्हणून एकीने स्टेशनात लूप लाइनला थांबायचे आणि दुसरीने मेन लाइनवरून निघून जायचे. या मार्गाने गेलेल्या प्रत्येकाने हे थांबणे भोगले आहे. गाडी उभी राहते, पंख्यांचा आवाज मोठा होतो, कोणीतरी दारात येऊन पुढे पाहतो, मग शेजारच्या रुळावरून धाडधाड करत दुसरी गाडी जाते आणि आपला सिग्नल पडतो. छोट्या जागेत मांडायला याहून सरस प्रसंग नाही. दोन रूळ, दोन सांधे, एक फलाट आणि दोन्ही टोकांना एकेक बोगदा. बोगद्यांमागे गाड्या दडवायच्या. नव्या बनावटीचा एलएचबी डबा या मापात सत्तावीस सेंटिमीटरचा होतो. पूर्ण बावीस डब्यांची गाडी सहा मीटर व्हायची, तेव्हा आठ डबे आणि इंजिन घ्यावे. अडीच मीटरच्या आत बसते आणि डोळ्याला गाडी पूर्ण वाटते. लूपवर रो-रो उभी करावी. कोलाड ते वेर्णा या टप्प्यात 1999 पासून मालट्रक रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवून नेतात. ट्रक रेल्वेवर स्वार आणि चालक आपल्याच केबिनमध्ये बसलेला, हे दृश्य कोकण रेल्वेने देशाला दिले. त्यातला एक चालक दरवाजा उघडून पायरीवर बसलेला दाखवावा. तो कोणाची वाट पाहतो आहे हे सांगावे लागणार नाही. शेजारून रात्रीची एक्सप्रेस जाऊ द्यावी, सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर.

ऋतू पावसाळा असावा. जून ते ऑक्टोबर या मार्गाचे वेळापत्रकच वेगळे असते, वेग उतरवलेले असतात आणि कटिंगमधून गस्तवाले चालत असतात. मॉडेलमध्ये पाऊस पाडता येत नाही, कारण थेंब लहान होत नाही. पाण्याला 87 ने भागता येत नाही. पण भिजलेपण दाखवता येते. फलाटाच्या कडेला आणि डांबरी रस्त्यावर तकतकीत व्हार्निशचा एक हात द्यायचा, जांभ्याची भुकटी थोडी गडद करायची, कटिंगच्या पायथ्याच्या गटारात चिकटद्रव्याची बारीक धार ओतायची. आणि बोगद्याच्या तोंडापाशी तो दोन सेंटिमीटरचा गस्तवाला उभा करायचा, अंगावर रेनकोट, हातात दिवा. एक्सप्रेसमधल्या आठ डब्यांतले सगळे प्रवासी त्याच्या भरवशावर झोपलेले आहेत आणि तो त्यांच्या इतकाच मोठा आहे. किल्ल्यावरच्या महाराजांसारखे त्याला मोठे करण्याची गरज या कलेला वाटत नाही. त्याला त्याच्या खऱ्या मापात उभे केले, की त्याचे मोठेपण पाहणारा स्वतः मोजतो.

स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर एक लाल एसटी हवी. अकरा मीटरची बस साडेबारा सेंटिमीटरची होते, तिच्या पाटीवरची अक्षरे दोन मिलिमीटरची. तिथे ‘दापोली’ एवढेच लिहावे, कारण खेडहून आमच्या गावाकडे जाणाऱ्याचा पुढचा टप्पा तोच. हर्णे या लेआउटवर कुठेही दिसणार नाही, तरी त्या बसच्या तोंडाच्या दिशेने ते आहे.

छोट्या रेल्वेला खर्चिक हौस म्हणणारे पुष्कळ आहेत आणि विलायती इंजिनांच्या किमती पाहिल्या तर त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पण या कलेचा मोठा भाग पैशाने येत नाही. वाळू चाळणे, जांभा घासणे, गाडी सुटताना तिची चाल नीट पाहून ठेवणे, फलाटावर कोण कुठे उभे असते हे ध्यानात ठेवणे, यांना दाम पडत नाही. एक इंजिन, चार डबे, दोन सांधे आणि भरपूर निरीक्षण एवढ्यावर चांगला लेआउट होतो. उलट पन्नास इंजिने असून न पाहणाऱ्याच्या हातून नुसता गाड्यांचा बाजार मांडला जातो.

म्हणून ज्यांना ही कला मुळातून कळून घ्यायची आहे, त्यांनी मुलांना घेऊन एकदा कोथरूडला जावे आणि पहिला खेळ मुलांच्या उंचीवर वाकून पाहावा. परतल्यावर आपल्या गावाला सर्वांत जवळचे स्टेशन निवडावे, तिथे तासभर काही न करता बसावे, आणि वहीत तिथल्या माणसांची यादी करावी. ती यादी पुरी झाली की माळ्यावर चढायला हरकत नाही. रूळ सर्वांत शेवटी आणले तरी चालतील.